निशाणी बांगडी

कुणाचा नवरा तमाशाला जातो, कुणाचा पत्ते कुटायला. माझा नवरा कागदांना जात असे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की खांद्याला पिशवी, पिशवीत दौत, टाक, कोरी वही आणि मी बांधून दिलेल्या भाकरी, आणि स्वारी निघाली. कधी सुप्याकडे, कधी भिगवणच्या बाजूला, कधी इंदापुराच्या खाली नीरेकाठच्या गावांत. ज्या घरात पूर्वी पाटीलकी किंवा कुलकर्ण असेल त्या घरी जायचं, ओसरीवर टेकायचं, पिकापाण्याचं बोलायचं आणि मग हळूच विषय काढायचा, की घरात जुने मोडी कागद काही आहेत का. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं. होते, पण वाळवीनं खाल्ले. होते, पण भाऊबंदांकडे गेले. होते, पण तुम्हाला कशाला हवेत? रविवारी संध्याकाळी धुळीनं माखून परत यायचे आणि मी तापवलेल्या पाण्यात पाय सोडून बसायचे.

त्यांचं नाव सावळाराम, पण सगळी बारामती त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागले. आम्ही माळ्याची माणसं. माझ्या माहेरी पाटाच्या पाण्यावर भाजीपाला व्हायचा, सासरीही तेच. पुण्याच्या मोठ्या मंडळींना इतिहासाची आवड लागली तर त्यांच्या स्वतःच्याच माळ्यावर कागदांचे रुमाल निघायचे. रुमाल म्हणजे जाड फडक्यात आवळून बांधलेला कागदांचा गठ्ठा. आमच्या माळ्यावर कांद्याचं बी निघायचं. मास्तरांनी मोडी शिकून घेतली ती एका म्हाताऱ्या कारकुनाचे पाय चेपून. मी थट्टा करत नाही, खरोखर चेपले होते.

मी त्यांना बोल बोल बोलायची. म्हणायची, मेलेल्या माणसांची एवढी विचारपूस करता, कधी माझ्या बापाच्या गुडघ्याची करा. ते हसायचे आणि वही उघडायचे. पण छत्तीस सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते सावरवाडीहून परत आले ते निराळेच. पाय न धुताच ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसले आणि चुलीपुढच्या राखेत बोटानं एक गोल काढून म्हणाले, "ही बघ साखरबाई."

सावरवाडी नीरेच्या काठाला आहे, इंदापुराहून बैलगाडीनं जावं लागतं. तिथले महिपतीआबा हे जुन्या पाटलाच्या घराण्यातले. त्यांच्याकडच्या रुमालात मास्तरांना एक महजर सापडला होता. गावची सभा बसून एखादा निवाडा झाला की तो लिहून त्याखाली सगळ्यांच्या निशाण्या घ्यायच्या, त्या कागदाला महजर म्हणतात. लिहिता न येणारा माणूस आपल्या कामाचं हत्यार काढायचा. सुतार किंकरं काढायचा, चांभार आरी, न्हावी आरसा. पाटील नांगर काढायचा आणि तो सगळ्यांच्या वर असायचा. बाईमाणसाची निशाणी बांगडी. ती आली तर कुठेतरी खाली, कडेला यायची.

ह्या कागदावर नांगर नव्हता. नांगराच्या जागी, सगळ्यांच्या वर, बांगडी होती. शेजारी लिहिलं होतं, 'निशाणी बांगडी साखरबाई मोकदम'. मोकदम म्हणजे पाटील. आणि निवाडा कशाचा, तर ओढ्यावर बांध घालून पाणी कुणी कुठल्या वारी घ्यायचं याचा. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद. शाळेच्या पुस्तकात मात्र मास्तर दर वर्षी मुलांना शिकवत होते की सरकारनं नीरेचा पाट काढण्यापूर्वी हा मुलूख नुसता आभाळाकडे तोंड करून बसलेला असे. त्या रात्री जेवताना ते भाजीत मीठ जास्त आहे हेसुद्धा म्हणाले नाहीत, आणि होतं.

मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे पाण्याच्या वारीवरून भावाभावांत डोकी फुटतात. तिथे एक बाई वर बसून सगळ्या गावाची पाळी ठरवते आणि न्हाव्या-सुतारापासून सगळे खाली निशाण्या करतात, हे ऐकून मला आठवडाभर कुणी चार शब्द बोललं तरी लागलं नाही.

पण कागद मास्तरांच्या हाती आला नव्हता. महिपतीआबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कागुद उंबऱ्याभायेर जायाचा न्हाय, मास्तर. हितं बसा, काय लिवायचं ते लिवा." त्यांच्या वडिलांनी एकदा कोर्टाच्या कामासाठी काही कागद एका वकिलाला दिले होते, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून रुमालाला फक्त आबांचा हात लागायचा. घरातल्या बायकांनी तर तो उघडलेलाही धड पाहिलेला नव्हता. बारामतीच्या फोटोवाल्याला मास्तरांनी विचारून पाहिलं, पण तो लग्नाच्या हंगामात कागदाचा फोटो काढायला बैलगाडीतून जायला तयार होईना. तेव्हा मास्तरांनी ओसरीवर बसून नक्कल केली. अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं, निशाण्या काढल्या आणि बांगडीच्या जागी एक वर्तुळ काढलं.

पावसाळ्यात पुण्याला एका संशोधक मंडळाच्या सभेत त्यांनी निबंध वाचला. मी धुतलेलं उपरणं आणि नवी टोपी देऊन पाठवलं होतं. परत आले तेव्हा टोपी हातात होती. तिथे काय झालं ते त्यांनी मला लगेच सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. निबंध संपल्यावर त्यांनी वही फिरवली. एका गृहस्थांनी ती लांब धरून विचारलं, की मास्तर, ही बांगडी आहे की वहीवर कपबशी टेकवली होती? सभा हसली. दुसरे कुणी जिन्यात म्हणाले, की हल्ली ज्याला त्याला आपापले पूर्वज हवे झालेत. ते आमची जात बघून म्हणाले, हे मास्तरांनी सांगितलं नाही. पण मला कळत नव्हतं थोडंच?

आप्पासाहेब म्हणून त्या मंडळाचे चिटणीस होते. ते हसले नव्हते. त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन समजावलं, की नकलेत निशाणी म्हणजे नुसतं वर्तुळ, त्यावर मी काय मान्य करणार? शून्य असेल, शिक्का असेल, शाईचा डाग असेल. अस्सल कागद दाखवा, मी स्वतः निबंध छापतो. पण दाखवू शकला नाहीत तर मात्र सभेत आज जे बोललं गेलं ते मला मंडळाच्या त्रैमासिकात नोंदवावं लागेल, की कागद कोणी पाहिलेला नाही. मास्तर म्हणाले, माझ्याबरोबर चला आणि आपल्या डोळ्यांनी बघा. आप्पासाहेबांनी मार्गशीर्षात यायचं कबूल केलं.

त्या दिवसापासून मास्तरांच्या तोंडचं हसू गेलं. कागद रचणारा माणूस असा एकदा बोभाटा झाला की पुन्हा कुठल्या ओसरीवर कुणी बसू देणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. बाकी आम्हाला होतं काय? दोन खोल्या आणि त्यांचा शब्द. मी नेहमीसारखी चेष्टा करायला जायची आणि मध्येच थांबायची.

दिवाळी झाली आणि महिपतीआबा वारले. इंदापूरच्या बाजाराहून आलेल्या माणसाकडून आम्हाला कळलं. मास्तरांना खरंच वाईट वाटलं. आबांनी त्यांना जेवू घातलं होतं, आपल्या घोंगडीवर बसवलं होतं. शिवाय दुसरी धास्ती होतीच, की आता रुमालाचं काय होणार. त्यांनी त्याच दिवशी आबांच्या बायकोला, ठमाबाईंना, पोस्टकार्ड लिहिलं. मला वाचून दाखवलं. आधी दुखवट्याच्या चार ओळी, आणि मग असं, की आम्ही पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन भेटीस येत आहोत, तरी येण्यापूर्वी रुमाल सोडावेत.

ते लिहायला कारण होतं. उन्हाळ्यात गेले तेव्हा त्या रुमालांच्या गाठी इतक्या आवळलेल्या होत्या की आबांची बोटं आणि मास्तरांचे दात लावूनही त्या सोडण्यात अख्खी दुपार गेली होती. आप्पासाहेबांना संध्याकाळच्या मोटारीनं परतायचं होतं. गाठी आधीच सोडून ठेवल्या म्हणजे वेळ वाचेल, एवढाच हिशेब. मी कार्ड ऐकलं आणि म्हणाले, चांगलं लिहिलंत, टाका पेटीत.

दुखवट्याला बाईमाणसानं गेलं पाहिजे म्हणून मीही बरोबर निघाले. आप्पासाहेब दौंडवरून छोट्या गाडीनं बारामतीला आले. लांब कोट, पायात बूट, खिशात भिंग. माणूस वाईट नव्हता. मोटारीत त्यांनी मला खिडकीकडची जागा दिली. कळंबाच्या अंगाला नव्या साखर कारखान्याची चिमणी दिसायला लागली तेव्हा त्यांनी मास्तरांना उसाबद्दल कितीतरी विचारलं आणि नीट ऐकून घेतलं. मास्तर कितीतरी महिन्यांनी मोकळं बोलत होते. इंदापूरला उतरून गाडीत बसलो तेव्हा तर ते गाडीवानालाही साखरबाईची हकीकत सांगायला लागले. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

ठमाबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी गळा काढला, मी त्यांना धरून बसले. रीतीप्रमाणे रडणं झालं, आबांचं शेवटचं दुखणं सांगून झालं, गूळपाणी झालं. आबांचा पुतण्या गेणबा बाहेर आप्पासाहेबांजवळ बसला होता. गावात लिहिता-वाचता येणारा तोच. आलेलं टपाल सगळ्यांना वाचून दाखवायची कामगिरी त्याच्याकडे असे आणि ती तो मोठ्या तोऱ्यात करी.

मग मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, की काकी, माझं कार्ड पोचलं ना? रुमाल सोडले का?

"सोडलं की, मास्तर. तुमी लिवलं तसंच केलं."

"बरं झालं. कुठं ठेवलेत?"

ठमाबाई म्हणाल्या, "ठिवलं म्हंजी? आता कुठं आसणार त्ये. नरसिंगपुराला सोडलं, संगमात. ह्यांच्या अस्थीसंगं."

मास्तरांना पहिल्यांदा ते कळलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, की काकी, रुमाल कुठं आहेत? गेणबा उठून आत आला आणि त्यानं उलगडून सांगितलं. कार्ड आलं ते अस्थी घेऊन निघायच्या आदल्या दिवशी. त्यानं ते काकीला वाचून दाखवलं. रुमाल सोडावेत असं स्पष्टच लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी नीरा-भीमेच्या संगमावर अस्थी सोडल्या, त्याबरोबर रुमालही सोडले.

मला तेव्हा समजलं. आमच्याकडे, कारकुनी वळणाच्या बोलण्यात, रुमाल सोडायचा म्हणजे गाठ सोडायची. पण त्या काठावरच्या लोकांचं वेगळं. जुन्या कागदावर वरती 'श्री' लिहिलेलं असतं. तो चुलीत घालायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही. निकामी झालेली पोथी, फाटका कागद, सगळं संगमात सोडायचं. त्या घरात कागदाबद्दल 'सोडणं' हा शब्द एवढ्यासाठीच निघायचा. त्यात घरात मढं होऊन गेलेलं, डोक्यात संगम, आणि मास्तरांचं कार्ड.

"माझा हात उचलत न्हवता," ठमाबाई सांगू लागल्या. "किती पिढ्या जपल्यालं. धनी मला बोटबी लावू देत न्हवतं. पर म्हनलं, मास्तर शिकल्यालं माणूस हाय, धनी त्यांच्यावर जीव टाकायचं. त्यांनी लिवलंय तर त्यात काय तरी आसंल. पाण्यात बुडंनात वो लवकर. वर वर येत हुतं. मग गेणबानं त्यास्नी धोंडं बांधलं."

मास्तर खाली बसले. चौकटीला धरून सावकाश बसले. मागे आप्पासाहेब बूट काढून उंबऱ्यात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी गेणबाकडे कार्ड मागितलं. गेणबानं दिवळीतून काढून दिलं. आप्पासाहेबांनी ते वाचलं, उलटून पाहिलं, आणि अगदी सवयीनं भिंगही लावलं.

"मास्तर, हे अक्षर तुमचं?"

मास्तरांनी होय म्हणून मान हलवली.

"कागद बुडवायला तुम्ही सांगितलंत?"

मी तोंड उघडलं होतं. मला सांगायचं होतं की हो अक्षर त्यांचं, पण अर्थ तो नाही, या बाईनं भलतंच समजून केलं, यात आमचा काय दोष. पण ठमाबाई मध्येच सरकत पुढे आल्या. त्यांच्या हातांतल्या बांगड्या उतरलेल्या होत्या. आप्पासाहेबांच्या आवाजातलं काहीतरी त्यांना लागलं असावं.

"बरुबर झालं न्हवं, मास्तर? का माझ्या हातनं काय चुकलं? पुरुस गेला आन् म्या माघारी पिढ्यांचं बुडवलं, आसं न्हाय ना झालं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत गप्प राहा एवढंच होतं. मग ते ठमाबाईंकडे वळले आणि वर्गात मुलांना सांगतात तसं नीट, ठासून म्हणाले, "बरोबर झालं, काकी. तसंच लिहिलं होतं मी. तुमच्या हातून काही चुकलं नाही."

ठमाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आम्हाला जेवून जायचा आग्रह केला. आम्ही जेवलो. मास्तरांनी सगळी भाकरी खाल्ली. आप्पासाहेबांनी पानाला हात लावून हात धुतले. कार्ड त्यांनी गेणबाला विचारून आपल्या खिशात ठेवलं.

इंदापूरला मोटारीची वाट पाहत असताना मी लाजलज्जा गुंडाळून आप्पासाहेबांशी बोलले. सोडणं म्हणजे काय, गाठी कशा होत्या, मास्तर तिथे तसं का बोलले, सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. आपण उभं आयुष्य एकेक चिठोरं वाचवण्यासाठी उन्हातान्हात हिंडलो, असं ते म्हणाले, आणि आज हे पाहायला लागलं. मास्तर, तुम्ही तिथे त्या बाईंसमोर आणि पुतण्यासमोर एक बोललात. आता इथे तुमच्या घरच्या दुसरं सांगतात. मी कुठलं खरं धरू? माझ्याजवळ अस्सल कागद म्हणाल तर हे कार्ड एवढंच आहे. त्यांचं चुकत नव्हतं, हेच वाईट होतं. मास्तर जन्मभर ज्या नियमानं चालले त्याच नियमानं ते बोलत होते.

मास्तर एवढंच म्हणाले, की आपण म्हणता ते बरोबर आहे.

पुढे पौषात आप्पासाहेबांचं पत्र आलं. आता सांगताना वाटतं, त्या माणसाचंही मन खात असावं. लिहिलं होतं, की पाडव्याच्या अंकात मला या प्रकरणाची हकीकत द्यायची आहे. सावरवाडीच्या बाईंचा गैरसमज झाला, अशी त्यांची जबानी दोन साक्षीदारांसह आणून दिलीत तर मी ती तशीच छापेन आणि कागद होता एवढं तरी मान्य करता येईल. जबानी नसेल तर कार्ड छापावं लागेल.

मी त्या दिवशी गोड केलं. मला वाटलं सुटलो. मास्तरांनी पत्र घडी घालून ठेवलं. मी रोज विचारायची की कधी जायचं, आणि ते रोज म्हणायचे, बघू. शेवटी मी चिडून बोलले. त्या बाईचा तुम्हाला एवढा कळवळा, मग माझा? उद्या तुम्हाला लोक खोटारडे म्हणतील तेव्हा पाण्याला मला जायचंय. तेव्हा ते म्हणाले, "जबानी घ्यायची तर आधी तिला सांगावं लागेल, रतन. की तू बुडवलंस. ते कोणत्या तोंडानं सांगू?"

म्हटलं, तुमच्या नाही तर माझ्या तोंडानं. संक्रांत झाल्यावर माहेरी जाते म्हणून सांगून मी एकटी इंदापूरच्या मोटारीत बसले. वाटेत सगळं घोकत होते. काकी, तुमचा दोष नाही, पण झालं ते असं. अंगठा द्या, गेणबाला सही करू द्या. तेवढ्यानं माझं घर राहील. मला ठमाबाईंचा राग आला होता, तोही मी जपून नेला होता, कारण राग असला की बोलणं सोपं जातं.

ठमाबाई उन्हात शेंगा फोडत बसल्या होत्या. मागच्यापेक्षा चांगल्या दिसत होत्या. मला पाहून त्यांना फार आनंद झाला. शेंगदाण्यांचं सूप माझ्यापुढे सरकवून आपण होऊन बोलायला लागल्या. सुना काही विचारत नाहीत, भावकी बांधावरून टोचते, सगळं सांगितलं. मी मध्ये जागा शोधत होते. मग त्या म्हणाल्या, "येक सांगू का बाय? धनी गेल्यापासनं मला झोप न्हवती. वाटायचं, त्येंच्या माघारी त्या कागदांचं काय हुईल. प्वारं इकतील, उंदरं खातील. तुमच्या मास्तरांनी वाट दावली. धनी आन् त्येंचं कागुद येकाच वाटंनं गेलं. जल्मभर ह्या घरात माझ्या हातनं येक काम शानपनाचं झालं म्हनून मी आता निजते."

मी दाणे चघळत राहिले. साखरबाई, महजर, तो बांध, मास्तरांचं नाव, सगळं माझ्या मुठीत आणलं होतं आणि मूठ उघडून दाखवायची तर या बाईची झोप घ्यायची. मला स्वतःचा फार राग आला, मास्तरांचा आला, पुण्याच्या त्या हसणाऱ्या सभेचा आला. ठमाबाईंचा तेवढा उरला नाही.

"तुमाला बी तसंच वाटतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, काकी," मी म्हणाले. "बरोबर झालं."

परत आले तर मास्तरांनी माहेरची खुशाली विचारली नाही. मोटारीच्या धुळीवरून त्यांना कळलं असणार. त्यांनी पाणी तापवून ठेवलं होतं. मी पाय धुतले आणि भाकरीला बसले.

पाडव्याचा अंक टपालानं आला. आप्पासाहेबांनी मोजकंच लिहिलं होतं, वाईटसाईट शब्द एकही नव्हता. खाली कार्डातली ती ओळ छापली होती, आणि पुढे, की महजर नावाचा कागद अन्य कोणी पाहिलेला नसून, तो असल्यास त्यांच्याच लेखी आज्ञेवरून नष्ट करण्यात आला, हे त्यांनी स्वतः साक्षीदारांसमक्ष कबूल केले आहे. आता पुढे कुणी शोध घेत आलं तर त्याला हेच सापडणार आणि हेच खरं धरावं लागणार. मी खोटं आहे म्हणून सांगेन, पण माझ्याजवळ काय आहे? वहीतलं एक वर्तुळ, आणि तेही नवऱ्याच्या हातचं. मला रडू फुटलं. मास्तर अंक घेऊन उजेडाला गेले. त्यांनी तो लेख पहिल्या ओळीपासून वाचून काढला आणि ठमाबाईंचं नाव त्यात कुठे नाही ना, एवढं पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं.